रांगेतली जागा

टोरोंटोच्या उत्तर टोकाला एका प्लाझात रक्त तपासायची लॅब आहे. साखर वाढल्यापासून दर तीन महिन्यांनी मला तिथे उपाशीपोटी हजेरी लावावी लागते. दारातच नंबराची चिठ्ठी देणारं मशीन असतं. चिठ्ठी घ्यायची, खुर्चीत बसायचं आणि कुणाकडे बघायचं नाही, ही इथली रीत. त्या दिवशी मशीन बंद होतं. वीसेक माणसं जागा मिळेल तिथे बसली होती, रांग अशी नव्हतीच. मी दारात उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हू इज लास्ट?"

म्हणजे हात दाखवून अवलक्षण. वीस जणांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये माना घातल्या. एका बाईने तर आपली पर्स जवळ ओढून घेतली. मी खजील होऊन भिंतीला टेकणार, एवढ्यात कोपऱ्यातल्या लोकरी टोपीतल्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर न करता हात उंचावला आणि रशियन भाषेत म्हणाल्या, "मी. माझ्यामागे तू."

पंचवीसएक वर्षांनी कुणीतरी मला माझी जागा सांगितली होती. रक्त द्यायला आलेल्या बावन्न वर्षांच्या माणसाचे डोळे भरून यावेत असं त्यात काही नव्हतं. पण आले, खोटं कशाला बोलू.

हा प्रश्न असा विचारणारी माणसं एका मुलखात घडली, आणि त्या मुलखाचं नाव आता नकाशावर नाही. सोव्हिएत शहरात दुकानासमोर घोळका दिसला की आधी विचारायचं, "शेवटचं कोण?" हात वर होईल त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा. आपल्यामागे कुणी आलं की त्याला आपला चेहरा दाखवायचा. एवढं झालं की तुम्ही मोकळे. समोर दुसऱ्या रांगेत नंबर लावून या, नाहीतर बाकावर बसून परीक्षेचा अभ्यास करा, जागा तुमचीच. अट एकच. तुमच्या पुढचा आणि मागचा, दोघांपैकी एक तरी रांगेत असायला हवा. दोघंही आपापलं सामान घेऊन घरी गेले की तुमची जागा गेली. मग आरडाओरडा करून उपयोग नाही, पुन्हा शेवटी जाऊन विचारायचं.

मी हे शिकलो ताश्कंदमध्ये. ताश्कंद म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना एक करार आठवतो आणि विषय संपतो. मी तिथे सहा वर्षं राहिलो. आमची वसईला केळी आणि पानवेलींची वाडी. वडिलांच्या लाल बावट्यातल्या एका मित्राने स्कॉलरशिपचा फॉर्म आणून दिला, आणि वाडीला पाणी देणारा मुलगा पाटबंधाऱ्याचं इंजिनिअरिंग शिकायला निघाला. देव न मानणाऱ्या देशात चाललोय म्हणून आईने कोटाच्या अस्तरात जपमाळ शिवून दिली. तिथे पोचलो तर रस्त्यांच्या दोन्ही कडांनी पाण्याचे पाट वाहत होते, थेट आमच्या वाडीतल्यासारखे. वर चिनाराची सावली आणि मधून ट्राम. पहिल्याच आठवड्यात मी आईला लिहिलं, इथे देव नसेल, पण पाणी वेळेवर सोडतात.

तर त्या बाई. "मी समोर जाऊन येते, बघशील," असं म्हणून त्या उठल्या आणि चक्क बाहेर निघून गेल्या. वीस मिनिटांनी हातात पावाची पिशवी घेऊन आल्या, तेव्हा माझ्या नंतर आलेला एक गृहस्थ काउंटरवर उभा होता. मी पुढे होऊन सांगितलं की आधी या बाई, मग मी, मग हे. काउंटरवरची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, देअर इज नो लाइन." बाईंनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी त्या मुलीकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

त्या ताश्कंदच्याच निघाल्या. मूळच्या तातार, नवरा वारल्यावर मुलीकडे टोरोंटोला आलेल्या. तिकडे वयाने मोठ्या बाईला आपा म्हणतात, म्हणून मीही आपा म्हणू लागलो. तीस वर्षं त्यांनी ट्राम चालवली होती. हे ऐकून मी त्यांना त्यांचा मार्ग विचारला आणि त्यांनी तो एकेक स्टॉप करून म्हणून दाखवला. त्यातला सातवा स्टॉप माझ्या होस्टेलचा. मी सहा वर्षं ज्या ट्रामने कॉलेजात गेलो, तिच्यावर आपा कधी ना कधी असणारच. त्यांनी माझा चेहरा नीट निरखला आणि म्हणाल्या, "नाही आठवत. तुम्ही परदेशी मुलं सगळी मागच्या दाराने चढायचात."

त्यानंतर शनिवारी सकाळी प्लाझातल्या रशियन दुकानाबाहेरच्या बाकावर आमची बैठक ठरून गेली. माझं रशियन गंजलेलं, पण आपांना श्रोता हवा होता आणि मला ते शहर. समाजवाद गेला तेव्हा मी तिथून निघून गेलेला होतो. तो कसा गेला हे मी पुस्तकांतून वाचलं होतं, आपांनी ते काचेतून पाहिलं होतं. "आधी चौकातला पुतळा गेला," त्या सांगत. "त्या चौथऱ्यावर पृथ्वीचा गोल आला. मग रस्त्यांची नावं बदलली. मी नवी नावं पुकारायची आणि म्हाताऱ्या बायका ओरडायच्या, हा कुठला स्टॉप, आम्हाला आमच्या स्टॉपवर उतरव. मग सूतगिरणीच्या पाळ्या बंद झाल्या. पहाटेची पहिली गाडी, जिच्यात पाय ठेवायला जागा नसायची, ती रिकामी धावायला लागली. मी रिकामीच न्यायची. वेळापत्रक ते वेळापत्रक. मग फुटपाथवर लोक खुर्च्या, पियानो, पुस्तकं मांडून बसायला लागले. आम्ही चाललो, घेता का, म्हणायचे. जर्मन गेले, ग्रीक गेले, ज्यू गेले. शेवटी आमची मुलगीही गेली."

"वाईट दिवस होते का?" मी एकदा विचारलं.

"दुकानं भरायला लागली होती," आपा म्हणाल्या. "सगळं मिळायला लागलं. रांगा संपल्या. पण मग कोण कुणाच्या मागे आहे, हे कुणाला सांगता येईना."

बायको मला चिडवायची. "तुझ्या ताश्कंदला नुसतं दुरून डोंगर साजरे. तिथे साबणासाठी लायनीत उभा राहायचास, हे तूच मला लग्नाआधी सांगितलंस ना? इथे कॉस्कोत दहा मिनिटं वेट करावं लागलं तर तुझं डोकं फिरतं." तिचं खरं होतं. साबणासाठी उभं राहायला मला अजिबात आवडायचं नाही. तरी मला ते शहर हवं होतं, साबणासकट, आणि ते तिला कसं समजावून सांगावं हे मला वीस वर्षांत जमलेलं नाही.

दोन हजार सतराच्या नोव्हेंबरात आपांच्या मुलीचा मला फोन आला. ती दाताच्या डॉक्टरकडे काम करते, मोजकं बोलते. त्या दिवशी मात्र एका दमात बोलत सुटली.

"आईने परत जायचं ठरवलंय," ती म्हणाली. "कायमचं. मे महिन्यातलं तिकीट काढायला लावलंय मला. तिथलं घर आहेच, किल्ली शेजाऱ्यांकडे आहे. मी म्हटलं, तिथे एकटी काय करशील? तर म्हणते, सकाळी ट्राममध्ये बसेन, शेवटच्या स्टॉपपर्यंत जाईन, तशीच परत येईन. ड्रायव्हर मुली मला ओळखतात, दिवस कसा जाईल कळणारही नाही."

"मग?"

"ट्राम बंद झाली," ती म्हणाली. "गेल्या वर्षीच. सगळी. रूळसुद्धा काढले. मी तिला सांगितलं नाही. तेव्हा बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते, तिला इंटरनेट कळत नाही, तिथल्या मैत्रिणींना मी बजावून ठेवलं. आता सांगितलं तर म्हणेल, मला अडकवायला खोटं बोलतेस. तुमच्यावर विश्वास ठेवेल. तुम्ही बघून आलात आणि सांगितलंत तर ठेवेल."

ट्राम बंद झाली हे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या शहराची एकही बातमी मुद्दाम वाचलेली नव्हती. जुना कोट जपून ठेवावा आणि खिशात कधी हात घालू नये, तसं.

नाताळला मी वसईला जाणारच होतो. वाट वाकडी करून ताश्कंदला चार दिवस थांबतो, असं बायकोला सांगितलं. "दुसऱ्यांच्या फॅमिली मॅटरमध्ये कशाला इन्व्हॉल्व्ह होतोस?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "जा. पण विंटर टायर लावून जा माझ्या गाडीला. आणि दारातला बर्फ शोव्हल करायला कुणाला तरी सांगून जा."

ताश्कंद सुंदर दिसत होतं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर म्हातारा कण्हतोय असं वाटेल. रस्ते रुंद आणि स्वच्छ, इमारती पांढऱ्याशुभ्र, कारंजी, दिव्यांच्या माळा. तरुण पोरं कॉफीचे कागदी पेले घेऊन फिरत होती, आणि ती आमच्यापेक्षा जास्त हसत होती. फक्त मधल्या चौकात चिनार नव्हते. माझ्या आठवणीत तिथे इतकी सावली होती की मी चौक ओळखायलाच चुकलो. होस्टेलच्या जागी लोखंडी फाटक होतं आणि आत सोडत नव्हते.

आपांचं घर मात्र सापडलं. चार मजली इमारत, पहिला मजला, खिडकीची चौकट हिरवी. त्या खिडकीखालून त्यांची ट्राम जायची. आता तिथे सहा पदरी रस्ता होता आणि त्यावर गाड्यांचा लोंढा. रूळ होते तिथे गुळगुळीत डांबर. मी वेड्यासारखा बुटाच्या टाचेने डांबर ठोकून पाहिलं. जुन्या डेपोपाशी बराच वेळ फिरल्यावर एका बंद दारासमोर हातभर लांबीचा रुळाचा तुकडा दिसला, डांबरात बुडायचा राहून गेलेला. मी त्याचा फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी तंदूरच्या रोट्या विकणाऱ्या एका दुकानासमोर सात-आठ माणसं उभी होती. वासाने मी अठरा वर्षांचा झालो. मी गेलो आणि विचारलं, "शेवटचं कोण?" एका तरुण मुलीने वळून पाहिलं. तिला प्रश्न कळला नसावा, पण परका माणूस आहे एवढं कळलं. तिने छातीवर हात ठेवला, बाकीच्यांना उझबेकमध्ये काहीतरी सांगितलं आणि सगळे बाजूला झाले. "प्लीज, गेस्ट," ती मला म्हणाली. "वेअर आर यू फ्रॉम?"

मी म्हटलं, कॅनडा.

इतक्या प्रेमाने मला त्या शहराबाहेर कुणी काढलं नसतं. गरम रोटी हातात घेऊन मी पाटाच्या कडेला उभा राहिलो. पाटात पाणी नव्हतं, सिगारेटची थोटकं होती. माझ्या पुढचे गेले होते, मागचेही गेले होते. शिक्षक, होस्टेलच्या दारावरची बाई, वर्गातली मुलं, सगळे आपापलं घेऊन केव्हाच घरी गेले होते आणि मी जागा राखल्याच्या भरवशावर पंचवीस वर्षं बाकावर बसून होतो. मी रडलो. रोटी खाल्ली. मग पुन्हा थोडं रडलो.

तिथून वसईला गेलो. तिथेही वाड्या जाऊन टॉवर आले आहेत. ज्या बावखलातून मी केळींना पाणी द्यायचो ते तळं बुजवून त्यावर गाड्या लावतात. पळसाला पाने तीनच. पण चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला उशिरा पोचलो, तर बाकावरच्या चुलतभावाने वर न बघता सरकून मला जागा करून दिली. तेव्हा मला ताश्कंदमध्ये काय झालं ते नीट कळलं. तिथे मला पुढे जाऊ दिलं होतं, जागा दिली नव्हती.

जानेवारीत आपांकडे गेलो. त्यांच्या मुलीने चहा ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. मी आधी भित्र्यासारखं गोड गोड सांगितलं. खिडकी आहे, चौकट हिरवीच आहे, शेजारच्या बाई भेटल्या, रोटी तशीच लागते. आपा ऐकत होत्या.

"आणि गाडी?" त्यांनी विचारलं. "किती मिनिटांनी येते आता?"

मी फोन काढून तो फोटो त्यांच्यापुढे ठेवला. "ट्राम नाही, आपा. बंद केली. एवढंच उरलंय."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. आतल्या खोलीत मुलीची चाहूलही नव्हती. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मुलीला हाक मारतील. त्या म्हणाल्या, "शेवटची गाडी कुणी नेली?"

"मला माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

"इतक्या लांब गेलास. लोखंडाचा फोटो काढलास. आणि शेवटची गाडी आत कुणी नेऊन लावली, तिचं नाव काय, एका माणसाला विचारलं नाहीस?" त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "जा आता."

तोंडात मारल्यासारखा मी घरी आलो. त्यांचं बरोबर होतं. मी तिथे माझं दुःख करायला गेलो होतो, त्यांचं काम करायला नाही. दुसऱ्या दिवशी मी ताश्कंदच्या त्या शेजारणीला फोन लावला. तिला माहीत नव्हतं. तिने डेपोतल्या कुणाला तरी विचारून सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. शनिवारी बाकावर आपा येईनाशा झाल्या. मी जात राहिलो. बर्फात त्या बाकावर बसणारा दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे जागा राखायचाही प्रश्न नव्हता. आपण हे बोललो नसतो तर म्हातारी निदान आनंदाने विमानात बसली असती, असं मला दर शनिवारी वाटायचं. मग तिथे उतरल्यावर ती खिडकीत उभी राहून काय बघेल ते डोळ्यांपुढे यायचं.

एप्रिल संपताना मुलीने कळवलं की तिकीट तसंच आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारचं विमान. बॅग खोलीत उघडी पडली आहे, आई रोज दोन कपडे भरते आणि एक काढते. तिच्याशीही ट्रामबद्दल एक अक्षर बोलत नाही.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी सकाळी आपांचा फोन आला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. "इथे ट्राम आहे ना? मला दाखव."

इथल्या दोन-अडीच वर्षांत त्या एकदाही बसल्या नव्हत्या. त्यांच्याकडे नेणारी कुठलीच ट्राम नव्हती, त्यांचं घर बसच्या रस्त्यावर. मी त्यांना क्वीन स्ट्रीटवर नेलं. तिथे नव्या लांबलचक गाड्या यायला लागल्या आहेत, पण आम्हाला जुनी मिळाली, लाल-पांढरी, हादरणारी. आपा ड्रायव्हरच्या मागेच उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं तर ऐकेनात. ड्रायव्हर एक बाईच होती. तिच्या पायांकडे बघून आपा मला म्हणाल्या, "पेडल. आमच्या चेकोस्लोव्हाकियाच्या गाड्यांना असंच होतं." एका वळणावर त्यांचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला गेला, आणि क्षणभराने गाडीचा वेग कमी झाला. "उशिरा दाबते," त्या म्हणाल्या. "पण वाईट नाही."

शहर बाजूने जात राहिलं. विटांची जुनी दुकानं, त्यांच्या डोक्यावर काचेचे कॉन्डो, बोर्ड लावलेल्या रिकाम्या जागा. आपांनी एकदाच विचारलं, "इथेही पाडतात?" मी म्हटलं, इथे तर कायमच पाडतात. त्यांनी मान डोलवली.

शेवटचा स्टॉप सरोवराजवळ आहे. तिथे रूळ गोल वळसा घेतात आणि गाडी जिथून आली तिकडे तोंड करून उभी राहते. आम्ही उतरलो. आपांनी पूर्ण वळसा डोळ्यांनी पाहून घेतला. मग सरोवराकडे गेल्या आणि रेलिंगला धरून उभ्या राहिल्या. मी मुद्दाम मागे राहिलो. परवा मंगळवार. मला विचारायचं होतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

त्या निघाल्याचं पाहून मी पुढे होऊन स्टॉपवर आलो. पाच-सहा माणसं उभी होती, एकमेकांपासून चार-चार हात दूर, सगळ्यांच्या माना खाली. मागून आपा चालत आल्या. थांबल्या. टोपी सारखी केली. आणि अख्ख्या स्टॉपला ऐकू जाईल अशा, ट्राममध्ये स्टॉप पुकारायच्या आवाजात त्यांनी रशियनमध्ये विचारलं, "शेवटचं कोण?"

कुणी मान वर केली नाही. मी हात वर केला.

"मी," म्हटलं. "माझ्यामागे तुम्ही."

आपा आल्या आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या. गाडी वळसा पूर्ण करून येत होती.

"मंगळवारी मी रक्त द्यायला जाणार आहे," त्या पाठीमागून म्हणाल्या. "तू आधी पोचलास तर माझी जागा धर."

"धरतो," मी म्हटलं.